उंची सांगणारं मीटर

कापसाले भाव नव्हता, त्या सालची गोष्ट. माझा पुतण्या विजू चिखलदऱ्याचा घाट सायकलनं चढाले गेला अन् अर्ध्यातूनच परत आला. चढ किती बाकी आहे ते समजत नाही, म्हणून पाय हिंमत सोडतात, असं त्याचं म्हणणं. मंग सायकलीले लावाचं, उंची सांगणारं मीटर पाहाले आमी अकोल्याले जठारपेठेत सलीमभाईच्या दुकानात गेलो.

विजू म्हणे, "भाऊ, हे खरी उंची सांगते का? दुसऱ्यांदा घेणं होणार नाही मले."

सलीमभाई म्हणाले, "वर तीन मजले आहेत. गच्चीवर जाऊन पाहून घे."

विजू मीटर घेऊन गेला. बऱ्याच वेळानं आला तो घामाघूम.

"तुमच्या अम्मीनं जिन्यात धरलं," तो म्हणे. "वर जाऊनच राहिला तं गव्हाचं पोतं घेऊन जाय, म्हणाल्या."

"सकाळपासून मलेच सांगून राहिली होती," सलीमभाई शांतपणे म्हणाले.

मी विचारलं, "अन् मीटर?"

"काका, पाय म्हणतात अख्खा चिखलदरा चढलो. हे म्हणते दहा मीटर." विजू पायरीवर टेकला. "हेच द्या भाऊ. घाटातबी पायच खोटं बोलले असतील."