बंद मशिनींचा व्हिडिओ

पावर हाउसच्या बस स्टॉपवर माझ्या बाजूला बाप-लेक बसले होते. लेकीच्या मांडीवर कॅमेऱ्याची बॅग, बापाच्या हातात मोबाइल.

"रीना, रायपूरच्या पार्टीनं आपल्या कारखान्याचा व्हिडिओ पाहिला. विचारून राहिले, कारखाना बंद पडला का?"

"विचारनारच ना, बाबा. शूटिंगच्या दिवशी तुमी साऱ्या मशिनी बंद ठेवल्या."

"तुहा आवाज साफ यावा म्हनून."

"आन भिंतीले चुना कावून मारला?"

"रिटायर होयेपर्यंत सारी नोकरी सरकारी प्लांटमंदी गेली, बेटा. साहेब येनार म्हटलं का आमी आधी चुना मारत होतो. सवय हाय."

"पन हे साहेब नव्हते. गिऱ्हाईक होते. त्याइले चालू काम पाहाचं होतं."

"हं."

"आन चिंधूकाकाले सुटी देल्ली तुमी."

"त्याचे कपडे बहुत काळे रायते. व्हिडिओत बरं नाही दिसत."

"वेल्डिंग करनाऱ्याचे कपडे काळेच रायतीन ना. कारखाना सुरू झाला तवापासून काका तुमच्यासंगं आहेत."

"त्यानं पाहिला का व्हिडिओ?"

"काल मीच दाखवला."

"काय म्हने?"

"म्हने, बढिया आहे, बेटा. कोनाचा कारखाना आहे हा?"

दुर्गची बस आली आणि गेली. दोघंही उठले नाहीत.

"पुन्हा काढू व्हिडिओ. कधी बी ये कॅमेरा घेऊन."

"आधी सांगून येऊ ना?"

"नाही. कोनाले सांगू नको. मले बी नको."