उघडा मिक्सर

धाकटी : ...आणि ह्याला तू कचरा कमी करणं म्हणतोस?

दादा : आवाज खाली. कोपरा बघ, किती मोकळा झाला. श्वास घेता येतोय.

धाकटी : आधी काय नाक दाबून बसला होतास?

दादा : वापरात नसलेली वस्तू घरात ठेवायची नाही. कमीत कमी सामानात जगायचं. ठरलंय आता.

धाकटी : कुणी ठरवलं? मोबाईलमधल्या त्या पांढऱ्या खोलीवाल्यानं? घरात एक चटई, एक कप. आणि ते दाखवायला कॅमेरे किती, ते विचार त्याला.

दादा : तुला नाही कळायचं.

धाकटी : नाहीच कळत. चांगले डबे फेकलेस आणि काचेच्या बरण्या मागवल्यास. बरण्या आल्या खोक्यात, खोक्यात फोम, फोमवर प्लॅस्टिक. त्या दिवशी आपली कचऱ्याची बादली दोनदा भरली.

दादा : सुरुवातीला होतं तसं.

धाकटी : बरं, ते मरू दे. माझ्या टेबलावरचा मिक्सर कुठंय?

दादा : तो उघडा पडलेला? भंगारवाल्याला दिला. तारा, पंख्याची पाती, तुझा सगळा पसारा, टेबल, सगळंच.

धाकटी : तो मिक्सर वरच्या काकूंचा होता.

दादा : काय?

धाकटी : त्याच्या मोटरचे कार्बन झिजलेले, म्हणून फिरत नव्हता. नवे आणायला गेले होते मी. हे बघ, मुठीत आहेत अजून.

दादा : सगळा सुटा केलेला होता. मला वाटलं, मेलाय.

धाकटी : ऑपरेशन चालू असताना पेशंटला उचलून जाळायला नेणारा तू पहिलाच.

दादा : नवा घेऊन देऊ काकूंना. त्यात काय एवढं?

धाकटी : वा. जुना चालू होणार होता, तो भंगारात घातला आणि आता नवा आणणार. त्या खोलीवाल्याला कळव, खूश होईल.

दादा : एका मिक्सरसाठी किती बोलशील?

धाकटी : मिक्सरसाठी नाही बोलत, दगडा. काकू सगळ्या जिन्याला सांगत होत्या, शाळा सोडलेली पोर, हिच्याकडे काय द्यायचं, मोडून ठेवेल. मी त्यांच्या मागे लागून लागून मिक्सर मागून आणला. संध्याकाळी चालू करून देते म्हटलं. बाहेरचं पहिलं काम माझं. आता कोण देणार मला दुसरं?

दादा : मला एकट्याला नको बोलूस. आईला विचारून दिलंय सगळं.

धाकटी : आई?

आई : मिक्सर दे असं मी म्हटलं नव्हतं.

दादा : टेबलासकट ने म्हणालीस की.

आई : म्हणाले. ते टेबल असेपर्यंत ही तिथून उठणार नाही. शाळेतल्या बाईंना भेटून आले मी. परत घेतो म्हणाल्या.

धाकटी : अच्छा. म्हणजे खूळ ह्याचं आणि डाव तुझा. आणि हा येडा समजत होता, आपण पृथ्वी वाचवतोय.

दादा : आई, तू मला सांगितलंस की कोपरा मोकळा हवाय.

आई : हवाच होता.

धाकटी : तू उभा काय राहिलास? पुलाखाली त्या भंगारवाल्याचं हिरव्या फाटकाचं गोदाम आहे. तिथं जा. मोटरमध्ये तांबं असतं, ते तो आधी ओढून काढतो. पळ.

(दादा जातो. दार उघडंच राहतं.)

आई : मिळेल?

धाकटी : तुला कशाला हवंय?

आई : नाही मिळाला, तर काकूंना मी सांगेन. माझ्या हातून गेला म्हणून.

धाकटी : त्या म्हणतील, पोरीनं मोडला आणि आई झाकतेय. त्यांचं तोंड तुला माहीत नाही?

आई : माहीत आहे.

धाकटी : मग?

आई : मग शाळेचं तरी बघ ना. एकदा जाऊन तर बघ.

धाकटी : तो तिकडे मिक्सर शोधतोय आणि तू इथं तो न मिळायची वाट बघत बसलीयस. निदान तोंडावर तरी दिसू देऊ नकोस.

आई : असं बोलू नये गं आईला.

धाकटी : मग आईनं असं करू नये.

आई : ...चप्पल कुठं गेली माझी?

धाकटी : वापरात नसेल. दिली असेल त्यानं.

आई : आहे, ही काय. मी जाते त्याच्यामागे. ढीगभर भंगारात त्याला काय ओळखू येणार?

धाकटी : आणि तुला येईल?

आई : कसा होता ते सांग. रंग, झाकण, सगळं. सावकाश सांग, मी कधी नीट बघितलंच नाही तुझ्या टेबलाकडे.