ऑपरेशनचा नवस

सोनोग्राफी उरकून दवाखान्याच्या बाकावर टेकलेल्या उचगावच्या नवराबायकोचं बोलणं माझ्या कानावर पडलं. एखादा शब्द माझ्या ऐकण्यात चुकलाही असेल.

"रस्सा वरपतो मी, आणि पित्ताशयात खडं तुझ्या?"

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? यकृतातलं पित्त पिशवीत साठतंय, जेवलं की बाहेर पडतंय. सारखं उपाशी ऱ्हायलं की तिथंच घट्ट हुतंय, खडं धरतंय. तुमच्या बढतीसाठी सोमवार, तुमच्या आईच्या गुडघ्यासाठी गुरुवार. उपाशी कोण? मी!"

"वरडू नगंस. ऑपरेशन नीट व्हावं म्हणून आईनं आत्ताच फोनवर नवस बोललाय."

"कसला?"

"तू वरीसभर शुक्रवार धरायचास."

"नवस त्यांचा, शुक्रवार बी त्यांनीच धरायचा. जेवणाचा डबा द्या हिकडं."

"आगं, आज शुक्रवारच हाय की!"

"म्हणूनच मागितला."