पाठमोरी चढलेली मोटार

फट्‌-फट्‌-फट्‌, तो आवाज अजून कानात आहे बघा. इंग्रजांच्या अमदानीत रहीम मिस्त्रीने आणि मी नाशिकच्या भंगारातून ती मोटार जुळवली. तिच्यापायी मी आमचा ढवळ्या बैल विकला, तेव्हापासून माझे वडील, आबा, माझ्याशी बोलत नव्हते.

चांदवडच्या चढावर हौशी लोकांची शर्यत होती. न बोलावता आबाही आले आणि चढाखाली उभे राहिले. आमच्याकडे पेट्रोल थोडंच होतं. चढ लागताच ते सीटखालच्या टाकीतून इंजिनापर्यंत पोचेना. मोटार बंद पडली.

रहीम म्हणाला, “तोंड फिरव. उलटी चढव, मग टाकी इंजिनाच्या वर राहील.”

“लोक हसतील रे!”

“हसू दे. बाप तरी समोर दिसंल.”

आम्ही उलटे चढू लागलो. आबा समोर, लहान लहान होत चाललेले. कुणी तरी ओरडलं, “नवरी माहेराकडं बघत सासरी निघाली!”

आमचा नंबर शेवटचा. आबा चढ चढून वर आले. बॉनेटवरची धूळ त्यांनी उपरण्याने पुसली, ढवळ्याच्या पाठीवर मारायचे तशा दोन थापा मारल्या, आणि उतरणीला लागले.