सुटलेल्यांची यादी

(सूर्यमाळच्या बाजूचा एक पाडा. चैत्रातला मंगळवार, दुपार. सुकऱ्याचा ओटा.)

ऋतिका : आणखी उघडा बाबा. आता तीन बोटं उभी घाला तोंडात. बघू, जातात का?

सुकऱ्या : आँ.

ऋतिका : जातात. बोलू नका, गालाच्या आत बॅटरी मारते. हलू नका. हं… झालं, मिटा तोंड.

सुकऱ्या : काय दिसलं? पोटातली नाचणीची भाकर दिसली का?

ऋतिका : थट्टा मागाहून. काल दिवसभरात तंबाखू किती वेळा खाल्लीत?

सुकऱ्या : चार.

ऋतिका : मागच्या मंगळवारी सहा म्हणाला होतात.

सुकऱ्या : मंग दोन कमी केल्या. लिही की.

ऋतिका : त्याच्या आधीच्या मंगळवारी तीनच होत्या.

सुकऱ्या : तवा दाढ दुखत व्हती.

ऋतिका : बाबा, हा कागद बघा. वर्षापूर्वी आमच्या संस्थेनं इथं कार्यक्रम सुरू केला, तेव्हा पाड्यातली त्रेसष्ट माणसं तंबाखू खायची. ही त्यांची यादी. उजवीकडं 'चालू', डावीकडं 'सुटलेले'. बासष्ट नावं सरकत सरकत डावीकडं गेली. उजवीकडं एकच उरलंय.

सुकऱ्या : माझं.

ऋतिका : तुमचं. सोमवारी जव्हारहून आमचे साहेब येणार आहेत. पाड्याच्या तोंडाशी पाटी लावायची आहे, तंबाखूमुक्त पाडा म्हणून. पाटी रंगवून तयार आहे.

सुकऱ्या : लावा की. खाली बारीक अक्षरात लिहा, सुकऱ्या सोडून.

ऋतिका : तसं लिहिता येत नाही.

सुकऱ्या : मंग ठेव घरी. पाटी काय नासत नाय. पण बाय, एक सांग, 'सुटलेले' म्हंजे कोण?

ऋतिका : तंबाखूपासून सुटका झालेले.

सुकऱ्या : असं व्हय. आमच्यात सुटलेला म्हंजे राहून गेलेला. लग्नाच्या पंगतीत वाढणारा घाईनं पुढं जातो आन् मधला एखादा सुटतो, तसा. तो बिचारा रिकामं पान पुढ्यात घेऊन बसतो, मागायची लाज वाटते.

ऋतिका : शब्दावर नका जाऊ. हे नाव मीच दिलंय. हा सगळा तक्ता मीच आखलाय, जव्हारला बसून, दोन महिने लागले. आधी पाहणी, मग कारणं शोधायची, मग घरोघर भेटी, मग मोजणी. एक पायरी चुकली की पुढची ढासळते. म्हणून विचारते ते नीट सांगा. पहिली तंबाखू कधी?

सुकऱ्या : जेवलीस का तू?

ऋतिका : बाबा!

सुकऱ्या : डबा आणलाय ना? मंग खा आधी. हंड्याच्या तळाला पाणी हाय, फडक्यातून गाळून देतो.

ऋतिका : पाणी राहू द्या, माझ्याकडं बाटली आहे. तुम्ही दर वेळी असंच करता. प्रश्न आला की भाकर, नाहीतर पाणी, नाहीतर कोंबडीनं अंडं घातलं. मला एक सांगा, तुमच्या गालातला पांढरा डाग कुठं गेला?

सुकऱ्या : कुठं गेला म्हंजे?

ऋतिका : शिबिरात डॉक्टरांनी दाखवला होता. असंच खात राहिलात तर तिथं गाठ होईल, म्हणाले होते. रुपयाएवढा होता. आज मला बॅटरी लावून शोधावा लागला. रोज चार वेळा खाणाऱ्याचा डाग असा पुसला जात नाही.

सुकऱ्या : माझं तोंड अडाणी हाय. त्याला तुझा तक्ता वाचता येत नाय.

ऋतिका : पुडी दाखवा.

सुकऱ्या : कशाला?

ऋतिका : दाखवा तर. खिशात आहे, दिसतेय मला… बाबा, ही तर फोडलेलीच नाही.

सुकऱ्या : ती उद्याची.

ऋतिका : आणि कालची?

सुकऱ्या : काल संपली.

फागी : सुकऱ्या, ए सुकऱ्या! टँकर वळणावर आलाय. हंडा लाव रांगेत, मंग म्हणशील मला कोणी हाक नाय मारली. अगं बाई, ताई तुम्ही? परत ह्याच्याच दारात? इतक्या वेळा तर आमचा जावई बी येत नाय आमच्याकडं.

ऋतिका : या फागीमावशी, बऱ्या वेळेला आलात. सुटलेल्यांत तुमचं नाव वरच आहे. तुम्ही शेजारी राहता. बाबा तंबाखू कुठं बसून खातात हो?

फागी : हा? हा कुठं खातो?

सुकऱ्या : फागे, टँकर आला ना? जा तू.

फागी : जाते रे. ताई, हा तंबाखू खात असता तर चुना मागायला माझ्याकडं आला असता. चाळीस वर्षं येत व्हता. ह्यानं जन्मात कधी चुन्याची डबी घेतली नाय. तंबाखू हातावर घ्यायची आन् निघायचं, आज फागीकडं, उद्या हिराबाईकडं, परवा गौराकडं. रखमी, ह्याची बायको, जिवंत व्हती तवा ती शिव्या घालायची. म्हणायची, ह्याला चुना चिमूटभर लागतो आन् परत यायला दीड तास. श्रावणापासून काही आला नाय दारात.

सुकऱ्या : बिनचुन्याची खातो मी.

फागी : बिनचुन्याची! तो तर नुसता पाला. शेळी खाईल.

ऋतिका : बाबा?

सुकऱ्या : टँकर निघून जाईल, फागे.

फागी : टाळू नको. म्हंजे तू सोडलीस आन् ताईंना खोटं सांगतोस? कशाला रे? आमच्या दाराला काय कुलूप व्हतं? बसला असतास की येऊन.

सुकऱ्या : बसलो असतो. तुझी सून म्हणाली असती, बाबा काय पाहिजे? मी काय पाहिजे सांगणार?

फागी : काही नको म्हणायचं.

सुकऱ्या : एकदा म्हणालो. तिनं टीव्हीचा आवाज कमी केला आन् माझ्याकडं बघत राहिली. मला काही व्हतंय का, म्हणून. मंग उठलो.

फागी : मला नाय ते ठाऊक.

सुकऱ्या : तू पाण्याला गेली व्हतीस.

फागी : आता बी जायलाच पाहिजे, बाबा. टँकर थांबत नाय. आण, तुझा हंडा दे इकडं, मी लावते. ताई, बघा ह्याचं काय ते.

ऋतिका : …गेल्या त्या. आता सांगा.

सुकऱ्या : काय सांगायचं? आता तुला कळलं.

ऋतिका : मला काही कळलं नाही. तुम्ही सोडलीत कधी, कशानं? माझ्या कोणत्या भेटीनंतर?

सुकऱ्या : रागावू नको, बाय. तुझ्या भेटीनं नाय सोडली. डागाला बी नाय भ्यालो. श्रावणातली गोष्ट. तंबाखू हातावर घेतली आन् फागीकडं गेलो. ती म्हणे, चुना नाय, मी सोडली, डबी पुरून टाकली. हिराबाईकडं गेलो, तिनं बी सोडलेली. गौराकडं गेलो, तिच्या नातवानं सांगितलं, आजीला देऊ नका, ताईनं सांगितलंय. सगळा पाडा फिरलो. कोणाच्या घरात चिमूटभर चुना नाय. घरी आलो तवा तंबाखू हातातल्या घामानं भिजून गेली व्हती. टाकून दिली. तेवढंच. त्या दिवसापासून खाल्ली नाय.

ऋतिका : आणि मला तेव्हाच का नाही सांगितलंत? पुढच्याच मंगळवारी मी आले असेन.

सुकऱ्या : आलीस. सांगायचंच व्हतं. तू आधी फागीकडं गेलीस, मी इथून ऐकत व्हतो. तू तिला म्हणालीस, मावशी, अभिनंदन, तुम्ही सुटलात, आता तुमच्याकडं यायचं काम नाही. मंग तू माझ्याकडं आलीस आन् विचारलंस, बाबा, काल किती वेळा?

ऋतिका : आणि तुम्ही म्हणालात…

सुकऱ्या : पाच.

ऋतिका : आठ महिने, बाबा. आठ महिने मी दर मंगळवारी इथं बसून खोटं लिहितेय.

सुकऱ्या : खोटं मी बोललो. तू खरंच लिहिलंस, जे ऐकलंस ते.

ऋतिका : आम्ही सगळी कारणं शोधली होती हो. पाड्यातल्या एकेकाला विचारलं, का खाता? कोणी म्हणालं भूक मरते, कोणी म्हणालं दात दुखतो, रानात काम होतं, सवय आहे. ती सगळी लिहून काढली. प्रत्येकावर उपाय लिहिला. भुकेला शेंगदाणे, दाताला दवाखाना. माणसाकडं जायला बरं पडतं म्हणून खातो, असं एकानंही सांगितलं नाही.

सुकऱ्या : तू विचारलंस का खाता. कोणाच्या दारात खाता, असं कुठं विचारलंस?

ऋतिका : नाही विचारलं.

सुकऱ्या : आता तोंड पाडू नको. माझं तोंड उघडतंय, डाग गेलाय. तुझं काम झालंय.

ऋतिका : तुमच्या मुलाचा, दिपेशचा फोन येतो ना?

सुकऱ्या : येतो की, भिवंडीहून. रविवारी. विचारतो, तब्येत? मी म्हणतो, बरी. मंग दोघं बी गप. थोड्या वेळानं तो म्हणतो, ठेवतो.

ऋतिका : बाबा, मी एक सुचवू? आमच्या कार्यक्रमात आता जाणती माणसं लागणार आहेत. ज्यांनी सोडली, त्यांनी दुसऱ्यांच्या घरी जाऊन समजावायचं. तुम्ही कराल?

सुकऱ्या : ज्या दारात चुना मागायला गेलो, त्या दारात शहाणपण घेऊन जाऊ? मागायला आलेल्या माणसाला बस म्हणतात, बाय. शिकवायला आलेल्याला बी बस म्हणतात, पण कधी उठतोय ते बघत राहतात.

ऋतिका : माझ्याकडं तसंच बघतात का?

सुकऱ्या : मी नाय बघत.

ऋतिका : …बरं. मग मी असं करते. 'चार वेळा' लिहिते आणि नाव उजवीकडंच ठेवते. साहेबांना सांगते, एक माणूस राहिलाय, पाटी पावसाळ्यानंतर लावू. मी येत राहीन.

सुकऱ्या : लिही.

ऋतिका : लिहिते.

सुकऱ्या : थांब. पाटी लागली असती तर तुझा मंगळवार कुठं गेला असता?

ऋतिका : खालच्या अंगाला, नदीकडच्या पाड्यात. तिथं पाहणी झालीय, भेटी अजून सुरू नाहीत.

सुकऱ्या : तिथं डागवाले किती?

ऋतिका : ते कशाला आता?

सुकऱ्या : विचारतो ते नीट सांग. तूच म्हणतेस ना.

ऋतिका : तिघं आहेत. एक बाई आहे पस्तिशीची, पदरात लहान मूल. तिच्या तोंडात दोनच बोटं जातात. भाकरीचा घास लहान करून घेते, म्हणाली.

सुकऱ्या : दोन बोटं. आन् तू इथं माझ्या ओट्यावर डबा खातेस.

ऋतिका : तसं नाही, बाबा.

सुकऱ्या : तसंच हाय. खोड ते. चार खोड.

ऋतिका : मी अजून लिहिलं नाही.

सुकऱ्या : मंग बरंच झालं. शून्य लिही. नाव तिकडं सरकव, डावीकडं. बघू, कुठं लिहिलंस? हे माझं?

ऋतिका : हे. फागीमावशीचं वर आहे, तुमचं सगळ्यांत शेवटी. इथं अंगठा… की सही करता?

सुकऱ्या : सही. रखमी गेल्यावर बायांच्या साक्षरता वर्गात जाऊन बसायचो मी, मागं. वेळ जायचा. तिथं शिकलो. 'ऱ्या' जरा वाकडा येतो, चालतो का?

ऋतिका : चालतो. सावकाश काढा.

सुकऱ्या : सु… क… ऱ्या. घे. झाला तुझा पाडा मुक्त.

ऋतिका : मी येईन बाबा. कामाचं नसलं तरी. अधूनमधून.

सुकऱ्या : अधूनमधून दिपेश बी येतो.

ऋतिका : …मी तक्ता बदलते. ज्यांनी सोडली त्यांच्याकडंही जायचं, असं घालते. वर्षभर. साहेबांना पटवते.

सुकऱ्या : पटव. नदीकडच्या पाड्यात आधी विचार, सगळे मिळून कुठं बसतात. ती जागा तेवढी मोडू नका. तंबाखू मोडा.

ऋतिका : लिहून घेते.

सुकऱ्या : लिहू नको, ध्यानात ठेव. तुझी जीप कितीला?

ऋतिका : साडेतीनला, खालच्या डांबरी रस्त्यावरून. अजून पुष्कळ वेळ आहे, बसते मी.

सुकऱ्या : नको बसू. आत्ताच निघ. मी येतो रस्त्यापर्यंत पोचवायला.

ऋतिका : आत्ता? बाबा, दहा मिनिटांची तर उतरण आहे.

सुकऱ्या : एकटी गेलीस तर दहा मिनिटांची. माझ्यासंगं तासाची हाय.