आठव्या प्रयोगशाळेचा आकडा

(कीटकनाशकांच्या प्रयोगशाळेत महिनाअखेर निवृत्त होणाऱ्या मुख्य रसायनतज्ज्ञ बाई आणि त्यांचा सहायक. टेबलावर आठ प्रयोगशाळांचे अहवाल.)

सहायक : ...म्हणून म्हणतो बाई, आठवा काढूनच टाका. आपल्यासकट बाकी सातांचं बघा, बाटलीत मूळ औषध पन्नास टक्के, पन्नास पॉइंट एक, एकोणपन्नास पॉइंट नऊ. आणि हा पठ्ठ्या सेहेचाळीस!

बाई : बाटल्या एकाच पिंपातून भरलेल्या ना?

सहायक : मी स्वतः भरल्या. तेच औषध, तीच तुमची मोजण्याची पद्धत, तीच बारा पानं. एखादा आकडा फारच फटकून असेल तर कारण लिहून वगळता येतो. परवा समिती बसली की पद्धत मंजूर, पहिल्या पानावर तुमचं नाव. अकरा वर्षं घासलीत तुम्ही.

बाई : बारा. एक वर्ष तर यंत्रच बंद होतं. बरं, कारण काय लिहू?

सहायक : निष्काळजीपणा.

बाई : तू बघायला गेला होतास? फोन लाव त्याला.

सहायक : कशाला उगाच उकरून काढताय?

बाई : लाव म्हटलं ना. आणि आवाज मोठा ठेव.

फोनवरचा : नमस्कार मॅडम. आकड्याबद्दलच ना? तीनदा केलं हो. तिन्ही वेळा सेहेचाळीस. साहेब म्हणतात, माझ्यामुळे सगळ्यांचं नाक कापलं गेलं.

बाई : साहेबांचं राहू द्या. बाटली हातात घेतल्यापासून काय काय केलंत ते सांगा.

फोनवरचा : पान दोन समोर ठेवलं. खोक्यातून बाटली काढली, झाकण उघडलं, नमुना घेतला, वजन केलं...

बाई : थांबा. काढली आणि लगेच उघडली?

फोनवरचा : हो. तसंच लिहिलंय ना.

बाई : थंडी किती आहे तुमच्याकडे?

फोनवरचा : थंडी? नळाचं पाणी गोठलंय मॅडम. प्रयोगशाळेतसुद्धा स्वेटर घालून बसलोय.

बाई : बाटलीच्या तळाशी बघा जरा.

फोनवरचा : बघतो हं... अरेच्चा! साखरेसारखे खडे बसलेत.

बाई : तेच मूळ औषध. गारठ्यात खाली बसतं. तुम्ही वरचं पातळ तेवढं मोजलंत. कोमट पाण्यात ठेवून, खडे विरघळवून, हलवून मग घ्यायचं असतं.

फोनवरचा : पण मॅडम, मी ते पान चारदा वाचलं. तिथे असं काही...

बाई : नाही लिहिलेलं. तुमचं काही चुकलेलं नाही. साहेबांना मी पत्र पाठवते. ठेवते.

सहायक : लिहिलं नाही म्हणजे? आम्ही सगळे ठेवतोच की कोमट पाण्यात!

बाई : तुला कुणी शिकवलं?

सहायक : तुम्हीच. पहिल्याच दिवशी केवढ्या ओरडला होतात!

बाई : आणि बाकीच्या सहा जणांना?

सहायक : तेही... तुमच्याच हाताखालचे.

बाई : म्हणजे मी पद्धत तपासलीच नाही रे. माझीच माणसं तपासली. नुसता कागद वाचून काम करणारा एकच होता, आणि त्याला आपण निष्काळजी ठरवायला निघालो.

सहायक : मग घालू की ती ओळ! दोन मिनिटांचं काम.

बाई : ओळ बदलली की चाचणी पुन्हा पहिल्यापासून. नियम मीच केलाय.

सहायक : सहा महिने जातील! नाव दुसऱ्याचं लागेल. बाई, परवा मंजूर होऊ द्या, मग दुरुस्ती करू. कुणाला कळतंय?

बाई : तोवर एखाद्या थंड गावात दुकानदाराची चांगली बाटली तपासणीत खोटी ठरेल, दुकानाला कुलूप लागेल. त्याला काय सांगू? मला जाण्याआधी नाव छापून हवं होतं? हवं होतं रे, खोटं कशाला बोलू. नातीला सांगूनही बसलेय.

सहायक : बाई...

बाई : चल, लिही. पान दोन, पहिली ओळ. ‘बाटली अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा. तळाशी खडे उरले नाहीत हे पाहा, नीट हलवा, मगच नमुना घ्या.’

सहायक : लिहिलं. या वेळी बाटल्या कुणाला पाठवायच्या?

बाई : ज्यांनी मला कधी पाहिलं नाही, त्यांना.