हाडांचं इंजेक्शन

दातांच्या दवाखान्यात मी नंबराची वाट पाहत बसलो होतो. काउंटरशी गालाला रुमाल लावलेल्या एक बाई आणि सातवा महिना लागलेली त्यांची मुलगी उभ्या होत्या. पलीकडे रिसेप्शनिस्ट कॉम्प्युटरवर नोंदी बघत होती.

“काकू, आज दाढ काढता येणार नाही. तुमचं हाडांचं इंजेक्शन चालू आहे. त्याने जबड्याची जखम भरत नाही.”

“कसलं इंजेक्शन? आई, तुला कुठे काय झालंय?”

“दुसऱ्या कोणाचं असेल. तू जरा बाहेर बस बघू.”

“नाही हो, तुमचंच. आता हॉस्पिटलची सगळी माहिती आम्हाला इथेच दिसते. कॅन्सर हाडात गेलाय म्हणून दर महिन्याला देतात, असं लिहिलंय.”

“आई?”

“अगं, हळू. लोक बघताहेत.”

“दर महिन्याला मैत्रिणीकडे जाते म्हणायचीस, ते हेच?”

“तुझं बाळंतपण पार पडलं की सांगणारच होते. मागचं एक गेलं ना गं तुझं. या खेपेला जिवाला घोर नको म्हटलं.”

“काकू, सॉरी. ‘घरच्यांना सांगू नये’ अशी नोंद आहे खाली. मी तिथपर्यंत वाचलंच नाही.”

“मुद्दाम लिहवून घेतली होती, पोरी.”

“तिथे तुझ्याबरोबर कोण असायचं, आई?”

“कोणी कशाला हवं? सुई टोचली की थोडं बसायचं, मग बसने घरी.”

“डॉक्टर किती दिवस म्हणालेत?”

“आधी तू खाली बस.”